पंखा अखंड चालू असूनही दर हिवाळ्यात तळघरातला रेडॉन का वाढतो?

अमेरिकेत घर विकत घेताना रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची चाचणी होते, प्रमाण जास्त निघाले तर फरशीखालची हवा ओढून बाहेर टाकणारा पाइप आणि पंखा बसवला जातो, पंखा बसवल्यावरच्या चाचणीत आकडा खाली आलेला दिसतो आणि विषय संपला असे सगळेच धरून चालतात. आमच्याही बाबतीत तसेच झाले होते. पूर्व पेनसिल्व्हेनियातील लीहाय खोऱ्यात आम्ही घेतलेले घर १९७० च्या दशकातले असून त्याच्याखाली काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांचे तळघर आहे, आणि मागच्या बाजूला नंतर वाढवलेली एक खोली आहे. खरेदीच्या वेळी तळघरातील आकडा ११.६ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) प्रति लिटर आला, विक्रेत्याने पंखा बसवून दिला आणि जूनमधल्या चाचणीत तो १.३ वर आला. त्यानंतरच्या जानेवारीत मी सहज म्हणून पुन्हा चाचणी केली, तेव्हा आकडा ५.२ होता. मे महिन्यात तो आपोआप दोनच्या खाली उतरला आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पाचाच्या आसपास गेला. या चढउताराचे कारण सापडायला मला दोन हिवाळे लागले. ज्या क्रमाने शोध घेतला आणि ज्या क्रमाने घ्यायला हवा होता, ते दोन्ही येथे नोंदवत आहे.

आधी थोडे या वायूविषयी सांगणे भाग आहे, कारण महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाने रेडॉनचे नाव रसायनशास्त्राच्या तक्त्याखेरीज बहुधा कुठे वाचलेले नसते. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात युरेनियम फार कमी असते, शिवाय आपली जुनी घरे जोत्यावर बांधलेली आणि दारे-खिडक्या उघड्या असलेली, त्यामुळे हा प्रश्न तिथे सहसा पुढे येत नाही. खडकातील युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. तो रंगहीन व गंधहीन असून त्याचा अर्धायुकाल सुमारे ३.८ दिवसांचा आहे, म्हणजे जमिनीतून घरात शिरण्याइतका अवधी त्याला सहज मिळतो. श्वासावाटे आत गेलेल्या रेडॉनपेक्षा त्याच्यापासून बनणारे पोलोनियमचे अणू जास्त घातक असतात, कारण ते फुप्फुसाच्या अस्तराला चिकटून तिथेच आल्फा कण सोडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी सुमारे २१,००० लोक रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण पावतात आणि धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कितीतरी अधिक असतो. चार पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त आकडा आल्यास दुरुस्ती करावी आणि दोन ते चारच्या दरम्यान असल्यास तिचा विचार करावा, असे ही संस्था सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा घनमीटरला १०० बेक्वेरेल म्हणजे जवळपास २.७ पिकोक्युरी आहे.

आमचा भाग तर या इतिहासाच्या केंद्रस्थानीच आहे. डिसेंबर १९८४ मध्ये लिमरिक येथील अणुवीज केंद्रात काम करणारे अभियंते स्टॅन्ली वॉट्रस यांच्या अंगावरील किरणोत्सर्गामुळे तपासणी यंत्राचा भोंगा वाजू लागला. केंद्र तेव्हा सुरूसुद्धा झालेले नव्हते. किरणोत्सर्ग त्यांनी केंद्रातून घरी नेला नव्हता, तर बॉयरटाउनजवळच्या स्वतःच्या घरातून केंद्रात आणला होता, आणि त्या घरातील रेडॉन २,७०० पिकोक्युरीच्या घरात निघाला. ज्या खडकाच्या पट्ट्यावर ते घर उभे होते, तो रेडिंग प्रॉन्ग नावाचा पट्टा पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीमार्गे न्यूयॉर्क राज्यात जातो. पुढे २०१४ मध्ये लीहाय परगण्यातीलच एका घरात ३,७१५ पिकोक्युरीची नोंद झाली. हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. शेजाऱ्याच्या घरात दीड आला म्हणून आपल्याकडेही तेवढाच असेल, हा भ्रम या प्रदेशात बाळगू नये, एवढ्याचसाठी ते दिले आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हिवाळ्यात आकडा वाढणे यात नवल काहीच नाही. घरातली उबदार हवा वर चढून माळ्यावरच्या फटींतून बाहेर पडते, तिची जागा भरून काढण्यासाठी घराचा खालचा भाग बाहेरून हवा ओढू लागतो आणि ती हवा ज्या वाटा सोप्या असतील त्या वाटांनी, म्हणजे फरशी व भिंत यांच्यामधल्या सांध्यातून, तळघरात झिरपणारे पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाच्या खड्ड्यातून, ठोकळ्यांच्या पोकळ्यांमधून, थेट मातीतून वर येते. दाबातला हा फरक अवघ्या काही पास्कलांचा असतो, पण तो दिवसरात्र टिकतो. त्यातच बाहेरची जमीन गोठली किंवा बर्फाने झाकली गेली, की मातीतल्या वायूला घराखालची उबदार माती हीच काय ती मोकळी वाट उरते. पंखा बसवण्यामागे हेतू इतकाच असतो, की फरशीखालचा दाब घरातल्या दाबाहून कमी राहावा आणि मातीतला वायू घरात येण्याऐवजी पाइपातून छपराच्या वर निघून जावा. तेव्हा पंखा असूनही हिवाळ्यात आकडा वाढत असेल, तर कुठेतरी ही ओढाताण घर जिंकत आहे आणि पंखा हरत आहे, एवढा अर्थ निश्चित निघतो. ती जागा कोणती, हेच शोधायचे असते.

आमच्याकडे हिवाळ्यात राहायला आलेल्या बाबांनी खिडकी उघडण्याचा साधा उपाय सुचवला होता आणि हवा खेळती ठेवण्याच्या आपल्या सवयीला धरूनच तो होता. तळघराची खिडकी उघडल्याने आकडा तात्पुरता उतरतोही. मात्र बाहेर उणे दहा असताना ती किती वेळ उघडी ठेवणार हा एक प्रश्न, आणि दुसरा अधिक महत्त्वाचा मुद्दा असा, की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली तर उबदार हवेला बाहेर जायला वाट मिळून खालची ओढ उलट वाढू शकते.

शोधाची पहिली पायरी म्हणजे आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवणे, आणि नेमकी तीच मी पहिल्या हिवाळ्यात गाळली. रेडॉन शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डबीची अल्पकालीन चाचणी दोन ते सात दिवसांची असते. चार दिवसांहून कमी अवधीची चाचणी असेल तर ती सुरू करण्याआधी बारा तास आणि चाचणीच्या संपूर्ण काळात खिडक्या व बाहेरची दारे बंद ठेवावी लागतात, येण्याजाण्यापुरते दार उघडले तर हरकत नसते. डबी जमिनीपासून निदान वीस इंच उंचीवर, बाहेरच्या दारा-खिडक्यांपासून तीन फूट दूर आणि राहत्या भागातील सर्वांत खालच्या मजल्यावर ठेवावी, स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात ठेवू नये, वादळी वाऱ्याच्या दिवसांत चाचणी करू नये. काम झाल्यावर डबी लगेच बंद करून त्याच दिवशी प्रयोगशाळेला पाठवावी, कारण पकडलेला रेडॉन दर ३.८ दिवसांनी निम्मा होत जातो आणि टपालात रखडलेली डबी बिनकामाची ठरते. माझी पहिली डबी मी पंपाच्या खड्ड्याच्या अगदी शेजारच्या फडताळावर ठेवली होती. तिचा आकडा खोलीतल्या हवेचा म्हणता येणार नव्हता. उलट, पंखा बसवणाऱ्याने जूनमध्ये स्वतः केलेली चाचणी वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघड्या असताना झाली होती, म्हणजे समाधान देणारा तो १.३ हा आकडाही तितकाच कच्चा होता. ज्याने काम केले त्यानेच त्या कामाची परीक्षा घेऊ नये, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे. पेनसिल्व्हेनियात चाचणी करणारे आणि दुरुस्ती करणारे या दोघांनाही राज्याचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे स्वतंत्र चाचणीकार मिळणे अवघड नाही.

रेडॉनचा आकडा सतत दाखवणारी छोटी यंत्रे उपयोगी असतात, पण तासातासाला त्यांच्याकडे पाहण्याची सवय लागली की माणूस बेजार होतो. पाऊस पडला, वारा सुटला, रात्र झाली, की आकडा हलतोच. आठवड्याची सरासरी पाहावी, आणि अंतिम निर्णयासाठी किमान नव्वद दिवस ठेवायची आल्फा-ट्रॅक डबी वापरावी. चार पिकोक्युरीची पातळी वर्षभराच्या सरासरीसाठी असते हे खरे, आणि हिवाळ्यात पाच व उन्हाळ्यात दीड असणाऱ्या घराची सरासरी तीनच्या आसपास येऊन ते कागदोपत्री उत्तीर्ण होईल हेही खरे. आमच्या घरातली मुले मात्र उन्हाळ्यात अंगणात आणि हिवाळ्यात तळघरात कॅरम खेळत असतात. म्हणून मी हिवाळ्याचाच आकडा धरायचे ठरवले.

दुसरी पायरी मॅनोमीटरची. पाइपावर लावलेली, रंगीत द्रव भरलेली यू आकाराची ही नळी रेडॉन मोजते असा अनेकांचा समज असतो, तो काढून टाकावा. पंखा पाइपात किती ओढ निर्माण करत आहे, एवढेच ती दाखवते. दोन्ही बाजूंचा द्रव एका पातळीवर असेल तर ओढ अजिबात नाही. पंखा जळालेला असेल, माळ्यावरचा त्याचा स्विच कोणीतरी बंद केलेला असेल, किंवा नळीच पाइपातून निसटली असेल. यापेक्षा बारीक बदल अधिक बोलके असतात, आणि ते कळण्यासाठी पंखा बसवला त्या दिवशीची पातळी नळीवर खुणेने नोंदलेली असावी लागते. ओढ खुणेपेक्षा कमी झाली असेल तर बहुधा कुठेतरी गळती आहे आणि पंखा मातीऐवजी घरातलीच हवा ओढत आहे, किंवा पंख्याच्या पुढे, छपराच्या बाजूला बर्फ अडकला आहे. बाहेरच्या भिंतीवरून नेलेल्या पाइपात मातीतली वाफ गोठते, तिथे ही शक्यता आधी तपासावी. उलट ओढ खुणेपेक्षा वाढली असेल तर पंख्याला हवाच मिळत नाही, म्हणजे फरशीखालची खडी पाण्याने भरली आहे किंवा पाइपाच्या झोल पडलेल्या भागात पाणी साचले आहे. अशा वेळी पाइपाला कान लावल्यास गुळगुळ आवाज येतो. आडवा पाइप नेहमी पाणी जमिनीकडे परत वाहील अशा उतारावर असावा लागतो तो याचसाठी.

आमच्या नळीवरची खूण ०.९ इंचावर होती आणि द्रव ०.५ वर उभा होता. शोध घेतल्यावर कळले, की शरद ऋतूत पंप बदलायला आलेल्या प्लंबरने खड्ड्याचे झाकण नुसतेच वर ठेवून दिले होते, त्याभोवतीचे सिलिकॉन पुन्हा लावले नव्हते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ते झाकण कशासाठी बंद केले आहे हे त्यावर कुठेच लिहिलेले नव्हते. झाकण नव्याने बसवून, वायरी आणि पाइप बाहेर पडतात तिथल्या फटीही बुजवल्यावर द्रव ०.८५ वर आला आणि रेडॉन ५.२ वरून चारच्या थोडा वर येऊन थांबला. म्हणजे दोष सापडला होता, पण तो एकटा नव्हता. दुसऱ्या हिवाळ्यात झाकण घट्ट असूनही आकडा पुन्हा पाचाच्या जवळ गेला.

या टप्प्यावर पंखा बसवणाऱ्याने अधिक ताकदीचा पंखा सुचवला. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि कधी कधी तो बरोबरही असतो, परंतु ओढ कुठपर्यंत पोहोचते हे मोजल्याशिवाय तो स्वीकारू नये. मोठा पंखा आवाज करतो, फटींतून घरातली तापवलेली हवा बाहेर फेकतो, आणि ज्या घरात गॅसवर चालणारा पाण्याचा जुना हीटर धुराड्याच्या नैसर्गिक ओढीवर अवलंबून असतो तिथे धूर उलटा घरात येण्याचा धोका वाढवतो. कार्बन मोनॉक्साइडचा तो धोका रेडॉनसारखा वीस वर्षांनी नव्हे, त्याच रात्री घात करू शकतो, त्यामुळे पंखा कोणताही असो, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटी घरात असलीच पाहिजे.

ओढ मोजण्याची रीत सोपी आहे. पाइपापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात फरशीला बोटापेक्षा बारीक छिद्र पाडायचे आणि त्याच्या तोंडाशी धुराची कांडी धरायची. धूर छिद्रात खाली गेला तर ओढ तिथवर पोहोचते, वर उडाला तर पोहोचत नाही. फरशीतून तापवण्याचे पाइप किंवा वायरी गेलेल्या नाहीत याची खात्री आधी करून घ्यावी, आणि ही परीक्षा थंडीच्या दिवशी फर्नेस (घर तापवणारी भट्टी), कपड्यांचा ड्रायर व स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट असे सर्व चालू ठेवून घ्यावी, कारण पंख्याला जिंकायचे असते ते नेमके अशाच दिवशी. फोडणीचा खाट जावा म्हणून आपल्या घरांत एक्झॉस्ट पूर्ण वेगाने आणि बराच वेळ चालतो. खिडक्या बंद असताना तो जितकी हवा बाहेर टाकतो तितकी कुठून तरी आत येतच असते. आमच्याकडे हे सगळे चालू असतानाही धूर तिन्ही दूरच्या कोपऱ्यांत सरळ खाली गेला. छिद्रे बुजवली आणि मोठ्या पंख्याचा विषय तिथेच संपवला.

मग वायू येत होता कुठून? याचे उत्तर दोन यंत्रांनी दिले. एकाच बनावटीची दोन छोटी यंत्रे मी आधी आठवडाभर शेजारी-शेजारी ठेवली, म्हणजे त्यांच्यातला फरक किती ते कळावे. तो नगण्य होता. त्यानंतर एक तळघरात आणि दुसरे मागच्या वाढीव खोलीत ठेवले. पंधरा दिवसांची सरासरी तळघरात ४.६ आणि वरच्या खोलीत ६.१ आली. रेडॉन जमिनीतून येतो म्हणून तळघरातच सर्वाधिक असणार, या गृहीतकावर मी दीड वर्ष घालवले होते. खालच्या मजल्यापेक्षा वरच्या खोलीत आकडा जास्त असेल, तर त्या खोलीला मातीकडे जाणारी स्वतःची वाट आहे असे समजावे. ती खोली तळघरावर नव्हती. तिच्याखाली अडीच फूट उंचीची, रांगतच जावे लागेल अशी पोकळी होती, जिला इथे क्रॉल स्पेस म्हणतात, आणि तिची जमीन उघड्या मातीची होती.

आता हिवाळ्यातच आकडा का वाढत होता, हेही उलगडले. पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून त्या पोकळीच्या भिंतीतले चार झरोके ऑक्टोबरमध्ये फोमच्या ठोकळ्यांनी बंद करावेत आणि एप्रिलमध्ये उघडावेत, अशी सूचना आधीच्या मालकाने घराच्या कागदपत्रांत लिहून ठेवली होती आणि ती आम्ही इमानेइतबारे पाळत होतो. दर वर्षी वायूची बाहेर जाण्याची वाट आम्हीच बंद करत होतो. त्यात भर म्हणजे फर्नेसकडे हवा परत नेणारी डक्ट त्या पोकळीतून जात होती आणि तिचे दोन सांधे सुटलेले होते, त्यामुळे फर्नेस सुरू झाली की पोकळीतली हवा ओढून साऱ्या घरात वाटली जात होती. तळघरातला उरलेला आकडाही बराचसा याच मार्गाने आलेला होता.

झरोके उघडे ठेवणे हा उपाय नव्हता, कारण पाइप फुटले असते. त्यामुळे सगळ्या मातीवर जाड पॉलिथिन अंथरून त्याचे सांधे फूटभर एकावर एक घेऊन चिकटवले, कडा भिंतींना सीलंटने बंद केल्या, खाली छिद्रांचा पाइप सोडला आणि तो जुन्याच पंख्याला जोडला. एका पंख्यावर दोन तोंडे लावली की प्रत्येकाची ओढ कमी होते, म्हणून नव्या फाट्यावर झडप बसवून दोन्हीकडची ओढ धुराच्या कांडीने पुन्हा तपासावी लागली. डक्टचे सांधे मास्टिक नावाच्या चिकट लेपाने बुजवले. बाजारात डक्ट टेप या नावाने मिळणारी कापडी पट्टी डक्टवर टिकत नाही, ती वापरू नये.

याच काळात ऐकायला मिळालेल्या इतर उपायांविषयी थोडक्यात. फरशीच्या भेगा बुजवणे पंख्याला मदत म्हणून आवश्यक आहे, मात्र एकटा उपाय म्हणून ते टिकत नाही. हवा गाळणारी यंत्रे धुळीला चिकटलेले काही कण पकडतात, वायू नाही. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर संशय घेणारे बरेच भेटतात, पण घरातल्या आकड्यात त्याचा वाटा सहसा अगदी क्षुल्लक असतो. ज्यांच्याकडे खासगी विहिरीचे पाणी आहे त्यांनी मात्र पाण्याचीही चाचणी करावी. पाण्यात लिटरला १०,००० पिकोक्युरी असतील तर हवेत त्यातून साधारण एकाची भर पडते. आमच्याकडे नगरपालिकेचे पाणी असल्याने ती पायरी गाळली.

जानेवारी ते एप्रिल ठेवलेल्या दोन आल्फा-ट्रॅक डब्यांचे निकाल तळघरासाठी १.६ आणि मागच्या खोलीसाठी १.९ आले. झरोके आता बारा महिने बंदच असतात. मॅनोमीटरची नवी खूण ०.७ इंचावर असून तिच्याशेजारी पंखा बसवल्याचा महिना आणि झाकण उघडल्यास पुन्हा सीलबंद करण्याची सूचना लिहिलेला कागद चिकटवला आहे. दर दोन वर्षांनी करायची चाचणी यापुढे जानेवारीतच होईल. येत्या उन्हाळ्यात तळघरात न्हाणीघर करण्याचा बेत आहे आणि त्यासाठी पंखा जिथून ओढतो त्याच फरशीला चर पाडावा लागणार आहे, त्यामुळे ते काम झाल्यानंतरच्या चाचणीच्या दोन डब्या आताच आणून ठेवल्या आहेत.